कॉलेजची कॉम्प्युटर लॅब कशी वापरायची : ज्या कागदावर न वाचता सही करता त्यात काय असतं

एफवायला ॲडमिशन झालं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रॅक्टिकलला एक कागद फिरतो. त्यावर बारीक टायपात वीस-पंचवीस नियम असतात, खाली "वरील सर्व मला मान्य आहे" आणि सहीची जागा. आख्खी बॅच दोन मिनिटांत सह्या ठोकून मोकळी होते. खरं सांगायचं तर तो कागद वाचावासा वाटेल असा लिहिलेलाच नसतो, सगळं "करू नये" आणि "आढळल्यास कारवाई", पण का करू नये ते कुठेच नाही. मी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजची लॅब सांभाळतो, बरीच वर्षं झाली, म्हणून म्हटलं तेच नियम कारणांसकट आणि "मग करायचं काय" यासकट लिहून टाकूया. कॉलेज दादरचं असो, पार्ल्याचं असो की कल्याणचं, थोडा इकडचा तिकडचा फरक सोडला तर सगळीकडे हेच असतं.

एक गोष्ट आधी पक्की करा, अर्धे नियम त्यातूनच निघतात. सिस्टिमला तुमचा चेहरा माहीत नसतो, फक्त तुमचं लॉगिन माहीत असतं. त्या लॉगिनवरून जे होईल ते तुम्हीच केलंत असं रेकॉर्डला जातं. कुठल्या मशीनवर बसलात, किती वाजता, कुठल्या साइटवर गेलात, किती डाउनलोड, किती प्रिंट, सगळं सर्व्हरवर आणि फायरवॉलमध्ये (कॉलेजचं नेट आतबाहेर जातं तिथला चौकीदार) नोंद होत असतं. रोज ते बघत बसायला कोणाला वेळ नाहीये, घाबरू नका, पण काही लफडं झालं की मग बघितलं जातं, आणि तेव्हा सगळं निघतं. सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा आहे, तिने एप्रिल २०२२ च्या आदेशात संस्थांना लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलंय. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी केलेली गंमत मार्चमध्येसुद्धा सापडू शकते. आणि ते इनकॉग्निटो इनकॉग्निटो म्हणतात ना, त्याने फक्त त्या मशीनवरची हिस्टरी राहत नाही, कॉलेजच्या फायरवॉलला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते तेवढंच दिसतं.

पासवर्ड

लॉगिन मिळतं तेव्हा पासवर्ड बहुतेक वेळा रोल नंबर किंवा जन्मतारीख असतो. पहिल्याच दिवशी बदला, तिथेच बसून, कारण तुमचा रोल नंबर आख्ख्या वर्गाला माहीत असतो आणि जन्मतारीख इन्स्टावर असते. लांब ठेवा, दोन-तीन मराठी शब्द जोडून एखादा आकडा टाकला तरी चालेल, फक्त दुसरीकडे कुठे वापरलेला नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचा किंवा जीमेलचा पासवर्ड इथे नको.

मग येतो मित्र. "अरे तुझं लॉगिन दे ना, माझं होत नाहीये, दोन मिनिटं." नाही द्यायचं. वाईट वाटेल त्याला, वाटू दे. त्याचं लॉगिन होत नाहीये तर लॅब असिस्टंटकडे पाठवा, पासवर्ड रिसेट करायला एक मिनिट लागतो, त्यासाठीच बसवलंय आम्हाला. तुमच्या लॉगिनवरून त्याने काय उघडलं, कोणाला काय मेल केला, हे नंतर तुम्हालाच समजावून सांगावं लागतं आणि "मी नव्हतो, मित्र होता" हे वाक्य शिस्त समितीने इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याला काही किंमत उरलेली नाही. उलट बाजूनेही तेच. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी ॲक्टच्या (माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या) कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कॉलेज लगेच पोलिसांत जात नाही, आधी आईवडिलांना बोलावतं, पण कायदा आहे तो आहे.

उठताना

यावर मी जरा जास्त लिहिणारे, कारण लॅबमध्ये होणाऱ्या भानगडींपैकी बऱ्याचशा इथेच होतात. कोणी हॅकिंग बिकिंग करत नाही हो, माणूस नुसता उठून निघून जातो. चार वाजून दहाची फास्ट पकडायची असते ना.

पाणी प्यायला जाताय तर विंडोजचं बटण आणि एल, स्क्रीन लॉक. फक्त तेवढंच. कायमचं उठताय तर आधी ज्या ज्या साइटवर लॉगिन केलंय तिथून लॉगआउट, मग विंडोजमधून साइन आउट. नुसता ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट झालं असं नसतं, पुढचा माणूस ब्राउझर उघडतो आणि तुमचा मेल समोर.

क्रोमचं एक वेगळं आहे ते नीट समजून घ्या. तुम्ही जीमेल उघडता तेव्हा क्रोम विचारतं की या ब्राउझरमध्येच साइन इन करू का, सिंक चालू करू का. घाईत "हो" दाबलं की तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी, सगळं त्या लॅबच्या मशीनवर उतरू शकतं. तिथे कायम "नाही" म्हणा. त्यापेक्षा सोपं म्हणजे क्रोममध्ये गेस्ट विंडो उघडा, वर उजवीकडे प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केलं की मिळते, बंद केली की सगळं पुसलं जातं. पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर "नेव्हर".

व्हॉट्सॲप वेब शक्यतो लॅबमध्ये उघडूच नका. उघडलंत आणि विसरलात तर ट्रेनमध्ये बसल्यावर फोनवर व्हॉट्सॲपच्या मेनूत किंवा सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, तिथून ते मशीन काढून टाकता येतं. गुगल अकाउंटचंही तसंच, सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हाइसेस दिसतात, तिथून बाहेर काढा. कॉलेजला परत धावत यायची गरज नाही.

आणि आता डाउनलोड फोल्डर. महाडीबीटीचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे दिवस आले की कुठल्याही लॅबमध्ये जाऊन कुठल्याही मशीनचा डाउनलोड फोल्डर उघडा, आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, मार्कशीट, फोटो, सही. एका माणसाची ओळख चोरायला जे जे लागतं ते सगळं एका जागी, आणि फाइलला नाव पण व्यवस्थित दिलेलं. हे मुलांनी स्वतः ठेवलेलं असतं, फॉर्म भरण्यासाठी मेलवरून उतरवलेलं आणि तिथेच सोडलेलं. तर पद्धत अशी ठेवा: डेस्कटॉपवर स्वतःचं एक फोल्डर करा, जे उतरवाल ते त्यातच, काम झालं की ते फोल्डर शिफ्ट आणि डिलीट दोन्ही दाबून उडवा म्हणजे रिसायकल बिनमध्ये राहत नाही, आणि मग डाउनलोड फोल्डर एकदा उघडून बघा काही सुटलंय का. स्कॅनरवर कागद ठेवलेला असतो तोही घ्या, ओरिजिनल मार्कशीट काचेवर विसरणारे दरवर्षी असतात. आधार द्यायचंच असेल आणि समोरच्याला चालत असेल तर मास्क्ड आधार वापरा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

दुसऱ्याची अशी फाइल तुम्हाला दिसली तर उघडून वाचत बसू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, लॅबवाल्याला सांगा.

काही लॅबमध्ये याच्या बरोब्बर उलटी तक्रार असते, "सर माझा प्रोग्राम गायब झाला". तिथे डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, मशीन रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह पुन्हा होता तसा, तुम्ही ठेवलेलं सगळं साफ. टर्बो सी (सी भाषेतले प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) डॉसबॉक्समध्ये चालवणारे लोक बिन फोल्डरमध्येच प्रोग्राम सेव्ह करतात आणि दुसऱ्या दिवशी रडतात (टर्बो सी अजून का शिकवतात हा वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी). आपलं काम नेहमी सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये किंवा ड्राइव्हवर. पण म्हणून डीप फ्रीझच्या भरवशावर आधारचा फोटो सोडून जाऊ नका, रीस्टार्ट होईपर्यंत तो तिथेच असतो आणि मधल्या वेळात तीन बॅचेस बसून जातात.

पेन ड्राइव्ह आणि समोरचं झेरॉक्सचं दुकान

प्रत्येक कॉलेजच्या गेटसमोर एक झेरॉक्सवाला असतो आणि सबमिशनच्या आठवड्यात आख्ख्या कॉलेजचे पेन ड्राइव्ह त्याच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये जाऊन येतात. त्याचा काही दोष नाही, पण व्हायरस पसरायला यापेक्षा चांगली व्यवस्था कोणी मुद्दामही केली नसती. सगळ्यात कॉमन तो शॉर्टकट व्हायरस, पेन ड्राइव्ह उघडला की फोल्डर्सच्या जागी छोट्या बाणवाले शॉर्टकट दिसतात. त्यावर डबल क्लिक केलंत की झालं, आता ते लॅबच्या मशीनमध्ये. तुमच्या फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, नुसत्या लपवलेल्या असतात, त्यामुळे घाबरून फॉरमॅट मारू नका, क्लिकही करू नका, पेन ड्राइव्ह काढून सरळ काउंटरवर आणा. ओरडणार नाही कोणी. लपवलंत तर मात्र चिडतो आम्ही, कारण मग तीस मशीन साफ करायची असतात आणि दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येणार असतात.

जर्नलची प्रिंट काढायची तर पीडीएफ करून स्वतःलाच मेल करा आणि दुकानात फोनवरून पाठवा, पेन ड्राइव्ह लागतच नाही. लॅबच्या प्रिंटरवर काढताय तर एकदाच प्रिंट दाबा आणि थांबा. येत नाही म्हणून दहा वेळा दाबलं की प्रिंटर जागा झाल्यावर दहाच्या दहा निघतात, आणि त्या तुमच्या नावावर लागतात.

नेटवर्क

इथे लोकांना एक गोष्ट माहीत नसते. आत तुमचं मशीन वेगळं, माझं वेगळं, पण बाहेरच्या जगाला आख्खं कॉलेज बहुतेक वेळा एकाच नाहीतर दोन-चार आयपी ॲड्रेसवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) दिसतं. त्यामुळे एकाने काही चाळे केले की बाहेरची साइट सगळ्या कॉलेजला ब्लॉक करते. गुगल उघडलं की "तुम्ही रोबो नाही ना" म्हणून ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायला लावतं, ते बऱ्याचदा यामुळेच, कोणीतरी आत बसून स्क्रिप्ट (आपोआप काम करत राहणारा प्रोग्राम) चालवतोय.

लायब्ररीचंही तेच. तुमच्या कॉलेजकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून हजारो ई-जर्नल्स आणि ई-बुक्स तुम्हाला घरबसल्या वाचायला मिळतात, बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं, लायब्ररीत जाऊन लॉगिन मागून घ्या. पण डाउनलोड मॅनेजर लावून आख्खं जर्नल एका रात्रीत उतरवायला जाऊ नका, प्रकाशकाची सिस्टिम ते पकडते आणि ॲक्सेस बंद करते, कधी कधी सगळ्या कॉलेजचा. लागतो तो पेपर उतरवा, वाचा, मग पुढचा.

टॉरेंट नकोच. स्पीडचा प्रश्न आहेच, पण टॉरेंट डाउनलोड करताना तुम्ही त्याच वेळी दुसऱ्यांना ती फाइल वाटतही असता, म्हणजे पायरसी नुसती घेणारे तुम्ही राहत नाही, वाटणारे होता, आणि तेही कॉलेजच्या आयपीवरून.

होस्टेलवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, नेटकट सारखी ॲप्स, ज्याने रूममेटचं वायफाय तोडून स्वतःला स्पीड घेतात. ते ॲप नेटवर्कवर खोटं सांगतं की राउटर मीच आहे, आणि हे आमच्या बाजूला लगेच दिसतं, तुमच्या मशीनच्या ॲड्रेससकट. दोन, घरून आणलेला राउटर भिंतीतल्या लॅन पॉइंटला लावणं. चुकीच्या पोर्टमध्ये वायर गेली की तो राउटर आपल्या मनाने मजल्यावरच्या सगळ्यांना आयपी ॲड्रेस वाटायला लागतो आणि मग कोणाचंच नेट चालत नाही, सगळे शिव्या कॉलेजला देतात आणि आम्ही रूम रूम फिरत बसतो. रेंज येत नसेल तर लेखी तक्रार करा, रूम नंबर आणि वेळ टाकून. नुसतं "नेट स्लो आहे" लिहिलं तर त्यात शोधायचं काय?

क्रॅक

कोणत्याही कॉलेजात एक तरी मुलगा असतो ज्याच्याकडे सगळ्याचं क्रॅक (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट) असतं. त्याला लांबून नमस्कार करा. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, एवढ्यावरूनच समजायला पाहिजे. कायद्याचं बघायचं तर कॉपीराइट ॲक्ट १९५७ च्या कलम ६३बी मध्ये, माहीत असून पायरेटेड सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. मशीन कॉलेजचं, त्यामुळे तपासणी आली की आधी पकडलं जातं कॉलेज.

आणि गरजच नसते हो. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट देतं, कॉलेजचं प्रूफ दिलं की झालं. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी फुकट. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस, मॅटलॅबच्या जागी सायलॅब किंवा ऑक्टेव्ह, सर्किटसाठी ईसिम, जे आपल्या पवईतच आयआयटीच्या फॉसी प्रोजेक्टमध्ये बनतं. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर यातलं बरंच काही शिकता येतं आणि बरेचसे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत. काही नवीन सॉफ्टवेअर लॅबमध्ये हवंच असेल तर सरांची सही घेऊन या, आम्ही टाकून देतो. स्वतः ॲडमिन पासवर्ड शोधत बसू नका, की-बोर्डखाली चिकटवलेला नसतो तो (बहुतेक ठिकाणी).

सिस्टिममध्ये भोक सापडलं तर

हे हुशार मुलांसाठी, कारण अडकतात ती तीच. समजा रिझल्टच्या पेजवर वरच्या ॲड्रेसमध्ये तुमचा सीट नंबर दिसतोय, सहज म्हणून एक आकडा बदलला आणि दुसऱ्याचा रिझल्ट उघडला. आता हात तिथेच थांबवा. एक स्क्रीनशॉट, वेळ लिहून ठेवा, आणि लॅब इनचार्ज किंवा एचओडींना लेखी मेल, "असं असं केल्यावर असं दिसलं". बस. "खरंच सगळ्यांचं दिसतं का" हे बघायला स्क्रिप्ट लावून पाचशे रिझल्ट उतरवलेत तर तुम्ही दोष दाखवणारे राहिला नाहीत, विनापरवानगी डेटा काढणारे झालात, आणि आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ नेमकं परवानगीबद्दलच बोलतं. हेतू वाईट असेल तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजने ऐकलंच नाही तर सर्ट-इनला कळवता येतं. ग्रुपवर लिंक टाकणं हा मार्ग नव्हे.

"मी फक्त बघत होतो" याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध केस एका विद्यार्थ्याचीच आहे. रॉबर्ट मॉरिस, कॉर्नेलला शिकत होता, २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने एक प्रोग्राम नेटवर सोडला, मोडतोड करायचा उद्देश नव्हता, पण तो एकाच मशीनवर परत परत चढत गेला आणि हजारो कॉम्प्युटर ठप्प झाले. तीन वर्षं प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरच्या वर दंड. पुढे तो एमआयटीत प्रोफेसर झाला हे खरं आहे, पण त्यावरून कोणी काही प्लॅन करू नका.

कन्फेशन पेज वगैरे

आयटी ॲक्टचं ६६ए, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलचं कलम, रद्द झालं म्हणजे आता काहीही लिहिलं तरी चालतं असं बऱ्याच मुलांना वाटतं. ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि त्या केसची सुरुवात आपल्या बाजूलाच झाली होती, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती तिथून. पण गेलं ते एक कलम. कोणाच्या खाजगी अवयवांचे फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं-पाठवणं, ६६ई, आहे. अश्लील मजकूर टाकणं, ६७, आहे. वर्गातल्या मुलीचा फोटो एआयने बदलून ग्रुपवर टाकणारा "गंमत होती" म्हणतो तेव्हा त्याला हे सगळं एकदम लागू शकतं. कॉलेजचं निनावी कन्फेशन पेज लॅबमधून चालवणाऱ्यांनी वर लॉगबद्दल लिहिलंय ते परत वाचावं.

एआयचं काय, असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून घेतली तर? ते त्या त्या मॅडम-सरांना विचारा, प्रत्येकाचं वेगळं आहे. लॅबचा नियम एवढाच की त्यात दुसऱ्यांची नावं, मार्क, मोबाइल नंबर असलेली एक्सेल शीट टाकू नका.

खाणंपिणं

वडापाव बाहेर. तेलकट हाताने माउस धरला की तो पुढच्या बॅचला पण तसाच मिळतो. पावसात छत्री आणि ओली बॅग दाराबाहेर, टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड असतात. यूपीएस ओरडायला लागला तर गप्पा थांबवा आणि कंट्रोल एस, मग शट डाउन. मेन स्विच तुम्ही बंद करायचा नाही.

काही झालंच तर

मशीन नंबर आणि वेळ, या दोन गोष्टी लिहून ठेवा आणि त्याच दिवशी लॅबमध्ये सांगा, लॉग ताजे असताना शोधणं सोपं जातं. "तुमच्या कॉलेज मेलचं स्टोरेज संपलंय, इथे पासवर्ड टाका" असा मेल आला आणि टाकून बसलात तर आधी पासवर्ड बदला, मग आमच्याकडे या. पैसे गेले असतील तर आमच्याकडे नंतर, आधी १९३० ला फोन, जितका लवकर कराल तितकी ते पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. बाकी तक्रारी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवता येतात, मुलींच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार नाव न देताही करता येते.

टीवायवाल्यांसाठी शेवटचं. कॉलेजचा मेल आणि ड्राइव्ह तुमच्या मालकीचे नाहीत. गुगलने आधी कॉलेजांना अमर्याद जागा दिली होती, आता आख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आहे, त्यामुळे पास झालेल्यांची अकाउंट आता पटापट बंद होतात, बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ तिथे ठेवले असतील तर तेही जातात. नो ड्यूजच्या फॉर्मवर लॅबची सही घ्यायला याल त्याच्या आधीच गुगल टेकआउटने सगळं उतरवून घ्या, आणि लिंक्डइन, गिटहब, नोकरीच्या साइट, जिथे जिथे कॉलेजचा मेल आयडी दिलाय तिथे स्वतःचा टाका. अकाउंट बंद झाल्यावर ओटीपी त्याच मेलवर जात राहतो, आणि तो आम्हालाही उघडून देता येत नाही.